बिनछपराच्या गाड्यांना छप्पर

आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबच्या स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गागोद्याला ओट्यावर बसून जीपचा हूड शिवत होतो. दाभण बोटात घुसलेलं, दोरा दातात धरलेला. ते म्हणाले, “क्लबचा इतिहास तुम्ही लिहा.” मी म्हटलं, “साहेब, मी मिस्त्री माणूस. क्लबात गाडीवाले आहेत, वकील आहेत, मिलवाले आहेत.” ते म्हणाले, “त्यांना विचारलं तर ते आपापल्या गाडीचा इतिहास लिहितात.” हे मात्र पटलं. जुन्या मोटारीच्या मालकाला संस्थेबद्दल विचारा, तिसऱ्या वाक्याला तो स्वतःच्या कार्ब्युरेटरवर येतो.

माझी नोकरी रामवाडीला, एसटीच्या कार्यशाळेत, पत्रेकामाची. रविवारचा धंदा वेगळा. मुंबईतल्या जुन्या गाड्यांचे पत्रे, फळ्या आणि टप. त्यातही उघड्या गाड्यांचं काम माझ्याकडे जास्त आलं, कारण कॅनव्हास शिवायला दुसरं कोणी बसायचं नाही. म्हणून हा इतिहास खालून वर बघितलेला आहे, गाडीखाली पाठ टेकून. सनावळी जिथे पक्की तिथेच देतो.

आमचं गागोदे बुद्रुक पेण-खोपोली रस्त्यावरचं. विनोबांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५. पोचमपल्लीहून निघून ज्या माणसाने अख्खा देश पायी पालथा घातला, त्याच्या गावात बसून मोटारींचा इतिहास लिहायचा म्हणजे थोडं ओशाळल्यासारखं होतं. पण विनोबांचे वडील नोकरीसाठी बडोद्याला गेले, आणि बडोदा म्हणजे गायकवाडांचं राज्य, त्या काळी मोटारी आणि रेल्वे दोन्ही हौसेने बाळगणारं. तेव्हा गाव अगदीच मोटारीशी फटकून होतं असं नाही.

आता मुद्द्यावर. मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास, आणि जमशेटजी टाटा हे त्या पहिल्या मालकांतले एक, असं सगळीकडे सांगितलं जातं. घोड्याच्या बग्गीला पुढून घोडा सोडला आणि मागे इंजिन बसवलं, असं तेव्हाच्या गाड्यांचं रूप. छप्पर होतं ते बग्गीचंच. कमानींवर कातडं किंवा जाड कापड, पाऊस आला की ओढून घ्यायचं. म्हणजे ज्याला आज आपण कौतुकाने ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतो ती तेव्हा साधी गाडी होती. बंद गाडी हीच चैन. १९१९ साली अमेरिकेत बनणाऱ्या दर दहा मोटारींतल्या जवळपास नऊ उघड्या असत. एसेक्स कंपनीने १९२२ मध्ये बंद गाडी स्वस्त केली, १९२५ पर्यंत तर तिची किंमत उघड्या गाडीच्याही खाली आणली, आणि वारं फिरलं. १९२७ उजाडेपर्यंत पाचातल्या चारांहून जास्त गाड्या बंद. लोकांनी उघडी गाडी सोडली ती धुळीला आणि पावसाला कंटाळून. आणि सोडली म्हणूनच ती पुढे दुर्मीळ झाली.

त्याच १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. आपल्या क्लबाची आजी म्हणा. चर्चगेटला वीर नरिमन रस्त्यावर लालजी नारणजी मेमोरियल इमारतीत तिचं बस्तान. मोटारवाल्यांना परदेशात गाडी चालवायचा परवाना, सीमेवर जकात न भरता गाडी नेण्या-आणण्याचं ‘कार्ने’ नावाचं कागदाचं पुस्तक, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, अशी तिची कामं. वरवर पाहता जुन्या गाड्यांशी काही संबंध नाही. पण क्लबात पुढे जे काही झालं त्यातलं निम्मं या आजीच्या कागदपत्रांच्या सवयीमुळे झालं, असं माझं मत आहे. आपला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया याच अंगणात वाढला. असोसिएशन आणि क्लब या दोन्हींची धुरा नितीन डोसा यांनी वाहिली, त्यामुळे रॅली एका टेबलावर आणि परवाने शेजारच्या टेबलावर अशी सोय झाली.

इथे शब्दांचा घोळ एकदा मिटवून टाकतो, कारण नव्या सभासदांना तो नेहमी होतो. चार-पाच जणांची उघडी गाडी, बाजूला काचा नाहीत, पाऊस आला की बटणांचे पडदे लावायचे, ती टूरर. दोघांची ती रोडस्टर. बाजूला खऱ्या, वर-खाली होणाऱ्या काचा आणि वर अस्तर लावलेला जाड टप, ती इंग्रजांची ड्रॉपहेड, फ्रेंचांची कॅब्रिओले, अमेरिकनांची कन्व्हर्टिबल. अमेरिकन लोक टूररला फेटनही म्हणत. आमच्या पेणच्या बाजारात या सगळ्यांना एकच शब्द आहे: टपाची गाडी. मला तोच बरा वाटतो.

टपाच्या गाडीची सगळ्यात गाजलेली मुंबईची गोष्ट जे. आर. डी. टाटांच्या निळ्या बुगाटीची. ना मडगार्ड, ना छप्पर. त्या गाडीने मुंबई-पुणे अंतर ते अडीच तासांत कापत. आणि तो रस्ता कसला, तर बोरघाटाचा, खोपोलीहून वर चढणारा. आमच्या गावापासून खोपोली फार लांब नाही, म्हणून लहानपणापासून ही गोष्ट आम्ही स्वतःचीच समजून ऐकली. पुढे त्याच गाडीच्या वेगापायी एक खटला उभा राहिला, जेआरडी बचावासाठी वकील जॅक विकाजी यांच्याकडे गेले, आणि तिथे वकिलांच्या पुतणीची, थेल्माची ओळख झाली. १९३० च्या डिसेंबरात लग्न. वकिलाची फी भरून बायको मिळाली असा हा एकच खटला मला ठाऊक आहे.

सामान्यांच्या उघड्या गाड्या मात्र बुगाटी नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग पेट्यांत यायचे आणि इथे जुळणी व्हायची. फोर्डचीही जुळणी मुंबईत होती. शेव्हरोले आणि फोर्ड टूरर कोकणात, देशावर, वऱ्हाडात पोचल्या त्या इथून. डॉक्टरांच्या, खोतांच्या, ठेकेदारांच्या. नंतर १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसती जुळणी नको, भाग इथेच बनले पाहिजेत. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेल्या. राहिल्या त्या मोजक्या भारतीय गाड्या, बहुतेक सगळ्या टणक छपराच्या. कारखान्यातून नवी उघडी गाडी यायची ती मुख्यतः महिंद्राची जीप. १९४९ पासून मुंबईत जुळणी झालेल्या विलीज जीपला कोणी कन्व्हर्टिबल म्हणत नाही. पण काच पुढे पाडता येते, टप काढता येतो, दारं नाहीत. मग ती कन्व्हर्टिबल नाही तर काय? हा वाद मी क्लबात वीस वर्षं घालतोय आणि हरतोय.

संग्रहाच्या दृष्टीने खरी मौज संस्थानिकांच्या गाड्यांत. त्यातल्या तीन सांगतो, तिघींचं नशीब तीन तऱ्हांचं.

पहिली इंदूरच्या यशवंतराव होळकरांची डुसेनबर्ग. १९३६ च्या आसपासची एसजे, अमेरिकेची चासी, लंडनच्या गर्नी नटिंगची बॉडी, दोघांची उघडी स्पीडस्टर. केशरी आणि काळा रंग. स्टिअरिंग उजवीकडे, कारण गाडी आपल्याकडे यायची होती. आठ सिलिंडर एका रांगेत, ६.९ लिटरचं इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्ती सांगत असे. पुढे लाल आणि निळे दिवे. रस्त्यावरच्या पोलिसाला लांबूनच कळावं की कोणाची स्वारी येतेय. ही गाडी पुढे देशाबाहेर गेली, अमेरिकेत. फोटोत मी तिच्या टपाकडेच बघतो. मिटल्यावर दिसतच नाही, मागच्या पत्र्याखाली जातो. असं काम करायला पत्रेवाला, सुतार आणि शिंपी एकाच टेबलावर बसावे लागतात.

दुसरी राजकोटची. १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू, थ्रप अँड मेबर्लीची बॉडी, केशरी रंग, पुढे तब्बल तेरा दिवे. ‘स्टार ऑफ इंडिया’ हे तिचं नाव. ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजींनी बनवून घेतलेली. साठच्या दशकात ती बाहेर गेली, युरोपात हातोहात फिरली, आणि २०१० मध्ये मोनॅकोच्या लिलावात राजकोटच्याच वारसांनी ती परत घेतली. गेलेली गाडी परत आल्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. ही त्यातली सगळ्यात मोठी.

तिसरी गेलीच नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक, राजाराम महाराजांच्या काळची. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी न्यू पॅलेसहून ती बाहेर निघते, महाराज तीतून दसरा चौकात येतात, शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं आणि लोक सोन्याइतकेच गाडीकडे बघतात. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. सगळी गर्दी महाराजांच्या चेहऱ्याकडे, मी मागच्या चाकांकडे. सावकाश, माणसाच्या चालीने, गर्दीतून जाताना इंजिन एकदाही अडखळलं नाही. मोठ्या जुन्या इंजिनाला सगळ्यात अवघड काम कुठलं, तर हळू चालणं. पाणी तापतं, पेट्रोल पाइपातच उकळून वाफ होते, प्लग काळे पडतात. ती गाडी दरसाल हे करते म्हणजे तिच्यामागे कोणीतरी वर्षभर उभा आहे. मी त्याला शोधायचा प्रयत्न केला, पण गर्दीत सापडला नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही गेले. मोठमोठ्या गाड्यांचा खर्च कोण करणार? एका फँटमच्या टायरच्या पैशांत तेव्हा नवी फियाट निम्मी यायची, असं जुने मिस्त्री थट्टेने सांगत. परदेशी दलाल यायचे, गोठ्यात, घोड्यांच्या पागेत, पेंढ्याखाली झाकलेल्या गाड्या कवडीमोलाने घेऊन जायचे. जहाजं भरून गेल्या. १९७२ च्या सुमारास सरकारने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा ओघ थांबला. पण बंदीने गाडी फक्त देशात राहते, जिवंत राहत नाही. परसात गंजत पडलेल्या उघड्या गाडीला चार पावसाळे पुरतात. पहिल्या वर्षी टप कुजतो, दुसऱ्या वर्षी गादीच्या स्प्रिंगा, तिसऱ्या वर्षी फरशीची फळी, चौथ्या वर्षी पत्रा. नंतर ती कुर्ल्याच्या भंगारात किलोवर.

या टप्प्यावर प्राणलाल भोगीलाल हे नाव येतं. मुंबईचे उद्योगपती, आपल्या क्लबचे अध्यक्ष. बाकीचे लोक संस्थानिकांच्या गाड्या बघून हळहळत होते, त्यांनी त्या घेऊन ठेवल्या. रोल्स, बेंटली, डेमलर, लगोंडा, मेबॅक, पॅकार्ड, कॉर्ड. त्यातल्या कित्येक टपाच्या. अहमदाबादजवळ कठवाड्याला, दास्तान इस्टेटवर, त्यांनी त्या नीट शेडखाली उभ्या केल्या आणि ‘ऑटो वर्ल्ड’ हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं. शंभराहून जास्त गाड्या एका छपराखाली. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्यावर एक टीका नेहमी होते की, इतक्या गाड्या एकाच माणसाने घेतल्यावर बाकीच्यांना काय उरलं? टीका करणाऱ्यांनी तेव्हाच्या भंगारवाल्यांचे हिशोब बघावेत. ज्या गाडीला तेव्हा छप्पर मिळालं ती आज आहे. न मिळालेल्या गाडीचा एखादा हेडलाइट चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर दिसतो, तोही टेबललॅम्प होऊन.

क्लबाने काय केलं ते रॅलीपासून सांगितलं पाहिजे, कारण लोकांना क्लब दिसतो तो रॅलीत. रॅलीची कल्पना जुनीच. लंडनहून ब्रायटनला १८९६ मध्ये मोटारी गेल्या त्याची आठवण म्हणून तिथे १९२७ पासून जुन्या गाड्या धावतात. आपल्याकडे दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची रॅली १९६४ पासूनची. मुंबईची आपली रॅली हॉर्निमन सर्कलहून निघते. पहाटेच गाड्या वर्तुळात लागतात, मिस्त्री बॉनेटखाली, मालक कोटात. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून चहा पिणारी शाळकरी पोरं असतात, ती गाडीचं नाव आमच्याआधी सांगतात. टूररला हँडल मारून चालू करायचं तर गर्दी टाळ्या वाजवते. हँडल मारणाऱ्याचा अंगठा निसटला तर काय होतं ते त्यांना ठाऊक नसतं. अंगठा हँडलवर वरून लपेटायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलट धक्का दिला तर मनगट वाचतं. नव्या मालकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. चोक-बिक नंतर.

२००८ मध्ये मुंबईत कार्टियरने ‘काँकूर द एलेगान्स’ भरवली, म्हणजे गाड्यांची सौंदर्यस्पर्धा, अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून चालते तशी. त्या स्पर्धेने आपल्या लोकांच्या डोक्यात एक किडा सोडला: गाडी किती चमकते याला गुण नाहीत, कारखान्यातून निघताना जशी होती तशी आहे का याला गुण. तोवर आपल्याकडे जुनी गाडी ‘तयार करणे’ म्हणजे क्रोमचा पाऊस, मखमली सीटा आणि विमानासारखा लकाकणारा रंग. मीही तेच करत आलो होतो. एका टूररच्या पुढच्या सीटला मी लाल रेक्झिन लावलं होतं, मालकाला फार आवडलं. परीक्षकांनी दोन बोटांनी चिमटा काढून बघितलं आणि पुढे गेले. तेव्हापासून जुनं कातडं फाटलेलं असलं तरी मी आधी तेल लावून बघतो, मग सुरी काढतो.

आता टपाबद्दल. संपादक म्हणाले थोडक्यात लिहा, पण हे मी थोडक्यात लिहिणार नाही. दुसरं कोणी लिहिणारच नाही.

टपाचा सांगाडा म्हणजे लाकडी किंवा नळीच्या कमानी, कात्रीसारख्या मिटणाऱ्या पट्ट्यांवर बसवलेल्या. विलायतेत अ‍ॅश लाकूड वापरत. आम्ही सागवान वापरतो, कोकणात तेच टिकतं. वरचा कपडा म्हणजे दुहेरी कॅनव्हास, मध्ये रबराचा पातळ थर. पाणी तिथे अडतं. जुना कपडा कितीही चिंध्या झालेला असो, तो कधी फेकायचा नाही. तो उसवून, सपाट करून, त्यावरून नवा बेतायचा, कारण प्रत्येक बॉडी हाताने केलेली, डावी-उजवी बाजू अर्ध्या इंचाने वेगळी असते. मोजपट्टीवरून बेतलेला टप बसत नाही. मागची छोटी खिडकी सेल्युलॉइडची, ती पिवळी पडून तडकते. मिटताना तिच्यावर मऊ फडकं ठेवायचं, नाहीतर घडीवर फुटलीच. कपडा कमानीवर ताणायचा तो उन्हात, एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात ताणला तर ऑक्टोबरच्या उन्हात ढोलासारखा ताठ होतो आणि चुकांच्या रांगेने फाटतो. मग पाइपाने पाणी मारायचं आणि आत बसून बघायचं. मी आत बसतो, मालकाला बाहेर पाइप धरायला लावतो. पहिला थेंब कुठे पडला ते त्याच्या तोंडावर कळतं, कारण तो काचेतून माझ्या टकलाकडे बघत असतो.

आणि सगळ्यात मोठा नियम: ओला टप मिटायचा नाही. हा नियम मी स्वतः मोडलेला आहे. रॅलीच्या आदल्या संध्याकाळी एक ड्रॉपहेड धुतली, टप पुसला, हाताला कोरडा लागला, मिटला, वरून कव्हर घातलं. रॅली झाली, सगळे खूष. मालक परदेशी गेले. दीड महिन्यानंतर टप उघडला तर अस्तरावर पांढऱ्या बुरशीची रांगोळी आणि घडीच्या रेषेवर कपडा कागदासारखा सुटलेला. शिवणीच्या आत पाणी राहिलं होतं. मालक एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. नवा कपडा माझ्या पैशांनी घातला. त्या दिवसापासून शिवणीत बोट घालून बघितल्याशिवाय मी टप मिटत नाही. हाताखालच्या पोरांनाही मिटू देत नाही.

टपाची गाडी जगातच कमी का उरली, याचं कारण याच सांगाड्यात आहे. जुन्या गाड्यांना खाली लोखंडी चासी असे, वर काहीही ठेवा, चालायचं. पुढे चासी आणि बॉडी एकच झाली, छप्पर हाच गाडीचा कणा झाला, आणि छप्पर काढलं की गाडी खड्ड्यात पिळायला लागली. मग खाली जाड पट्ट्या द्या, वजन वाढवा, किंमत वाढवा. त्यात अमेरिकेत गाडी उलटल्यावरच्या सुरक्षेचे नियम येणार अशी हवा झाली. कॅडिलॅकने १९७६ मध्ये एल्डोराडो ही अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून विकली, लोकांनी जपून ठेवण्यासाठी घेतल्या. पुढे १९८२ मध्ये क्रायस्लरने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली आणि ‘शेवटची’ म्हणून घेणारे फसले. संग्रह करणाऱ्यांना हा किस्सा मी नेहमी सांगतो. दुर्मीळ म्हणून घेतलेली गाडी दुर्मीळ राहीलच याची हमी कंपनी देत नाही.

कागदांकडे वळतो. क्लबच्या सभासदांची वर्षानुवर्षं एकच कुरकुर होती. पन्नास वर्षांची गाडी आणि दहा वर्षांचा टेम्पो यांना कायदा एकाच नजरेने बघतो. १५ जुलै २०२१ ला केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळं स्थान दिलं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, पाच वर्षांसाठी. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. ज्यांची आधीच नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, आणि तो नंबर म्हणजे अर्धा वारसा. रोज बाजारात न्यायची नाही, धंद्याला लावायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर.

अट एक आहे, आणि त्या अटीत माझी जीप अडकली. चासी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे. आमच्या भागातल्या बहुतेक पेट्रोल जीपांची मूळ इंजिनं काढून लोकांनी डिझेल बसवली, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. माझ्या जीपमध्ये डिझेल बसवणारा माणूस दुसरा कोणी नव्हता, मीच. तेव्हा शाबासकी मिळाली होती. आता मूळचं इंजिन शोधत हिंडतोय. नंबर जुळणारं नाही, निदान जातीचं तरी. ज्याला विकलं होतं त्याने त्याचा पाण्याचा पंप केला, आणि पंप अजून चालतो, म्हणून द्यायला तयार नाही.

आयातीचंही सुटलं. पूर्वी १९५० च्या आधीची गाडीच व्हिंटेज म्हणून आणता यायची. २०२५ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडलं. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी रोडस्टर आता येऊ लागतील. क्लबातले तरुण खूष आहेत. मी खूष आहे, पण एक काळजीही आहे. आलेल्या गाड्यांचे टप शिवायला कोण? आणि नव्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबरी पाइपांना आणि कॉर्कच्या फ्लोटला ते मानवत नाही, पाइप आतून सुटतात, कार्ब्युरेटरमध्ये काळा चुरा येतो. मी सध्या येईल त्या गाडीचे पाइप आधी बदलतो आणि मग बाकीचं बघतो.

क्लबाकडून एक मागणं मात्र या स्मरणिकेतच लिहून ठेवतो. रॅलीच्या कार्यक्रमपत्रिकेत गाडीचं साल, कंपनी, मालक छापतात. त्याखाली एक ओळ पत्रेवाल्याची, सुताराची, कुशनवाल्याची छापा. गेल्या पिढीतले कुर्ल्याचे किती कारागीर नुसत्या टोपणनावाने गेले. त्यांनी ठोकलेले पत्रे आजही रॅलीत पहिलं बक्षीस घेतात.

संपादकांनी लेखासोबत जीपचा फोटो मागितलाय, टप मिटून, विनोबांच्या घराजवळ उभी करून. परवा शिवण पूर्ण झाली आणि रात्री अवेळी सर आली, त्यात टप भिजला. शिवणीत बोट घालून बघितलं, अजून दमट लागतोय. तेव्हा फोटोत जीप टप चढवलेलीच येईल.